मोहीम पदकं "नुसती हजेरीची" का? ती वाचायची कशी, जपायची कशी?

पाचवी_फीत
परमवीर चक्र, वीर चक्र, सेना पदक यांच्यावर मराठीत पुष्कळ लिहिलं गेलंय. पण सामान्य सेवा पदक, विशेष सेवा पदक, समर सेवा स्टार, पूर्वी स्टार यांचा विषय निघाला की ऐकू येतं, "ते काय, सगळ्यांनाच मिळतं." मला हे पटत नाही. फितीवरची ती छोटी धातूची पट्टी म्हणजे हा माणूस अमक्या साली, अमक्या टापूत, धोक्याच्या कामगिरीवर होता याचा सरकारी दाखला आहे. कागद फाटतो, वाळवी खाते. हा दाखला टिकतो.
इथे जाणकार बरेच आहेत म्हणून विचारतो. शौर्य पदक आणि मोहीम पदक यांतला फरक नेमका काय? आणि कोणाच्या घरात जुनं पदक असेल तर ते कुठल्या मोहिमेचं, कोणाचं, अस्सल की नक्कल, हे कसं ओळखायचं? ते टिकवायचं कसं?

अभिलेख
फरक निकषांचा आहे. शौर्य पदकाला शिफारस लागते. एका विशिष्ट कृतीचं वर्णन लिहिलं जातं, ते वरच्या पायऱ्या चढत जातं आणि मग निर्णय होतो. मोहीम पदकाला शिफारस नसते. राजपत्रात तीन गोष्टी ठरवून दिलेल्या असतात: टापू, मुदत, आणि त्या टापूतल्या तुकडीच्या पटावर किती दिवस असायला हवं. त्यात बसलात तर सुभेदार मेजर असो की स्वयंपाकी, पदक एकच. मोहीम पदकामुळे नावापुढे अक्षरं लागत नाहीत आणि पैसे मिळत नाहीत.
"हजेरीचं" म्हणणाऱ्यांनी एक कलम जरूर वाचावं. त्या कामगिरीत जो मारला गेला, जखमी झाला किंवा ज्याला जखमेमुळे मागे न्यावं लागलं, त्याला दिवसांची अट लागू होत नाही. पहिल्याच दिवशी गेलेल्यालाही पदक पूर्ण मिळतं. दिवस मोजणं ही सोय आहे, मोजायचा असतो तो धोका.
हक्क लागू झाला की पार्ट टू ऑर्डर, म्हणजे तशी लेखी नोंद करणारा लष्करी आदेश, निघते आणि सेवापुस्तकात नोंद होते. फीत तेव्हापासून लावता येते. धातूचं पदक टांकसाळीतून येईपर्यंत वर्षं जातात, म्हणून निवृत्त झालेल्यांकडे कधी फक्त फीतच सापडते.

गोलंदाज
गोवा मुक्तीच्या कारवाईत गेलेल्यांना ऑपरेशन विजय पदक मिळालं, बरोबर ना?

शिलेदार_१९
नाही गोलंदाज, आणि हा घोळ फार ठिकाणी होतो. डिसेंबर १९६१ च्या गोव्याच्या कारवाईचं नाव ऑपरेशन विजय होतं, आणि १९९९ च्या कारगिलचंही तेच. पण ऑपरेशन विजय स्टार आणि ऑपरेशन विजय पदक ही दोन्ही कारगिलची. गोव्यासाठी मिळालं ते सामान्य सेवा पदक १९४७, "गोवा १९६१" या क्लॅस्पसह, म्हणजे फितीवरच्या पट्टीसह.
हे १९४७ चं पदक पट्टीवाचून अर्धंच वाचता येतं. जम्मू-काश्मीर, कोरिया, नागा हिल्स, गोवा १९६१, लडाख १९६२, नेफा (आताचा अरुणाचल प्रदेश) १९६२, मिझो हिल्स, इतक्या वेगवेगळ्या लढायांना पदक एकच आणि फीतही एकच. लाल फितीवर गडद हिरव्या पाच बारीक रेघा. १९६२ च्या युद्धाचं वेगळं पदक काढलंच नाही. लडाखच्या थंडीत लढलेल्याची ओळख त्या पट्टीवरच आहे. पुढच्या काळासाठी सामान्य सेवा पदक १९६५ आलं, आणि त्यानंतर विशेष सेवा पदक १९८६.
असाच दुसरा घोळ "पराक्रम" शब्दाचा. पराक्रम पदक म्हणजे पूर्वीचं वूंड मेडल, शत्रूच्या कारवाईत जखमी झालेल्यांचं. ऑपरेशन पराक्रम पदक वेगळं, ते १३ डिसेंबर २००१ च्या संसदेवरील हल्ल्यानंतर सीमेवर जी मोठी जमवाजमव झाली तिचं.

रेवा_दे
सामान्य सेवा पदक १९४७ च्या दर्शनी बाजूला म्यानातली भवानी तलवार आहे, भोवती प्रभामंडळ, आणि मागे कमळ. ज्यांच्या घरात हे पदक आहे त्यांनी भिंगातून एकदा नीट बघा. स्वतंत्र भारताच्या पहिल्या मोहीम पदकावर भवानी आहे हे मराठी घरांतही कितीजणांना ठाऊक आहे!

गोलंदाज
दुरुस्तीबद्दल आभार, शिलेदार. रेवाताई, भवानीचं खरंच माहीत नव्हतं.

निळी_टोपी
पट्टीचं महत्त्व कोरियात सगळ्यांत स्पष्ट दिसतं. ६० पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स नोव्हेंबर १९५० मध्ये प्रत्यक्ष लढाईत गेली. मार्च १९५१ मध्ये मुन्सान-नी इथे तिची एक तुकडी अमेरिकी छत्रीधारी सैनिकांबरोबर विमानातून उतरली. त्यांना सामान्य सेवा पदक १९४७, कोरियाच्या पट्टीसह. लढाई थांबल्यावर १९५३ मध्ये मेजर जनरल शंकरराव थोरातांच्या हाताखाली कस्टोडियन फोर्स गेला. मायदेशी परतायला नकार देणाऱ्या सुमारे २३ हजार युद्धकैद्यांना सांभाळायचं होतं. त्यांना विदेश सेवा पदक, "कोरिया" पट्टी. देश एकच, दोन्ही पट्ट्यांवर कोरियाच, पण पदकं दोन. खालचं पदक न बघता नुसती पट्टी वाचली तर चुकाल.
उलटं उदाहरण श्रीलंकेचं. १९८७ ते १९९० चं ऑपरेशन पवन परदेशात झालं, तरी ते लढाईचं होतं. म्हणून तिथे विशेष सेवा पदक, "श्रीलंका" पट्टीसह.

हवालदारकाका
स्टार आणि मेडल सारखेच मानू नका. स्टार मोठा.

अभिलेख
काका, मानाच्या क्रमात स्टार वर बसतात हे खरं, पण "मोठा" म्हटलं की शौर्याची पायरी वाटते, तसं नाही. जोडी लक्षात घ्या. १९६५ ला समर सेवा स्टार आणि रक्षा पदक. १९७१ ला पूर्वी स्टार किंवा पश्चिमी स्टार आणि संग्राम पदक. १९९९ ला ऑपरेशन विजय स्टार आणि ऑपरेशन विजय पदक. तिन्ही वेळा स्टार प्रत्यक्ष लढाईच्या टापूतल्यांना, आणि गोल पदक त्या काळात सेवेत असलेल्या मोठ्या वर्गाला. १९७१ च्या संचात पूर्वी स्टार आणि संग्राम पदक शेजारी दिसलं तर दचकू नका, ते तसंच हवं. नुसतं संग्राम पदक असेल तर माणूस सेवेत होता पण आघाडीच्या ठरवलेल्या टापूत नव्हता, एवढाच अर्थ.

हवालदारकाका
मान्य. मला लढाईचा टापूच म्हणायचा होता. मात्र दारूगोळ्याची गाडी रात्रभर चालवणारा ड्रायव्हर नकाशावरच्या रेघेच्या दोन मैल अलीकडे राहिला म्हणून स्टारला मुकतो, हे मला आजही खटकतं. रेघ कुठेतरी ओढावी लागते हे कळतं, तरीही खटकतं.

हिमशिखर
धोका आणि कष्ट यांची पदकंही वेगळी आहेत, त्यावर कोणी बोललं नाही. सैन्य सेवा पदक हे लढाईचं नव्हे, ते खडतर हवामानात आणि दुर्गम भागात केलेल्या सेवेचं. त्याच्या पट्ट्या जम्मू-काश्मीर, नेफा, हिमालय, बंगाल-आसाम, अंदमान-निकोबार अशा. म्हणजे "जम्मू-काश्मीर" ही पट्टी सामान्य सेवा पदकावर असेल तर लढाई, सैन्य सेवा पदकावर असेल तर खडतर नेमणूक. निळी_टोपी म्हणतात तोच नियम.
उच्च तुंगता सेवा पदकाला ९,००० फुटांवर एकूण १८० दिवस लागतात. सलग असायची गरज नाही. सियाचीन हिमनदीचं पदक त्याहून निराळं. १३ एप्रिल १९८४ ला ऑपरेशन मेघदूत सुरू झालं तेव्हापासून तिथे शत्रूइतकाच हवेतल्या कमी प्राणवायूशी, हिमभेगांशी आणि हिमस्खलनाशी सामना आहे. तिथे धोका आणि कष्ट वेगळे काढताच येत नाहीत.

कडवाचक
आता "कोणाचं" या प्रश्नाकडे. पदकाची कड वाचा. क्रमांक, हुद्द्याचं संक्षिप्त रूप, नाव, पलटण या क्रमाने अक्षरं असतात. उजेड बाजूने, तिरका पाडा आणि पदक हळूहळू फिरवा. समोरून टॉर्च मारला तर झिजलेलं अक्षर अजिबात दिसत नाही. फोटो काढायचा तर चार-पाच तुकड्यांत काढा.
घरच्यांची सगळ्यांत मोठी गफलत क्रमांकाची. शिपाई म्हणून मिळालेल्या पदकावर एक क्रमांक असतो, आणि तोच माणूस पुढे जेसीओ (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर या हुद्द्यांचा अधिकारी) झाला की "जेसी" ने सुरू होणारा नवा क्रमांक मिळतो. दोन पदकांवर दोन क्रमांक दिसले की "यातलं एक दुसऱ्या कोणाचं" असं वाटतं. तसं नसतं. हुद्दाही त्या पदकाला पात्र ठरतानाचा असतो, निवृत्तीचा नव्हे. त्यामुळे एकाच संचात शिपाई, नाईक आणि सुभेदार असे तिन्ही दिसू शकतात. उलट कडेवरून काळही कळतो. "जमादार" हा हुद्दा १९६५ मध्ये नायब सुभेदार झाला, तेव्हा जमादाराचं संक्षिप्त रूप दिसलं तर पात्रता त्याआधीची. अधिकाऱ्यांमध्ये "आयसी" म्हणजे कायम कमिशन, "ईसी" म्हणजे तातडीचं (इमर्जन्सी) कमिशन, "एसएस" म्हणजे शॉर्ट सर्व्हिस.

रेवा_दे
कडेवर "१०५ मराठा लाइट इन्फंट्री" असेल तर? अशी पलटण आता यादीत सापडत नाही.

कडवाचक
ते इंग्रज काळातलं, रेवाताई. १९२२ मध्ये पलटणींची फेररचना झाली. १०३ वी झाली १/५, १०५ वी २/५, ११० वी ३/५, ११६ वी ४/५, ११७ वी ५/५ आणि ११४ वी १०/५ मराठा. म्हणजे तीन आकडी क्रमांक दिसला तर पात्रता १९२२ च्या आधीची धरा. बहुधा ते पहिल्या महायुद्धाचं ब्रिटिश वॉर मेडल किंवा व्हिक्टरी मेडल असतं, नाहीतर १९०८ चं इंडिया जनरल सर्व्हिस मेडल. त्या १९०८ च्या पदकाच्या पट्ट्यांत अफगाणिस्तान १९१९, वझिरीस्तान १९१९-२१, मलबार १९२१-२२ अशा मोहिमा आहेत.
धातूही बघा. ब्रिटिश वॉर मेडल सैनिकांना चांदीचं आणि मजूर पथकांना कांस्याचं. घरात तपकिरी रंगाचं निघालं तर ते नकली म्हणून टाकू नका. ते खणणाऱ्या, ओझी वाहणाऱ्या माणसाचं आहे आणि संख्येने चांदीच्यापेक्षा पुष्कळ कमी आहे.

मुद्रापारखी
अस्सल-नक्कल ओळखायला मोठी यंत्रं लागत नाहीत. स्वतंत्र भारताची बहुतेक मोहीम पदकं क्युप्रोनिकेलची, म्हणजे साधारण ७५ टक्के तांबं आणि २५ टक्के निकेल. व्यास ३६ मिमीच्या आसपास, फीत ३२ मिमीच्या आसपास. पहिली चाचणी चुंबकाची: हा मिश्रधातू चुंबकाला चिकटत नाही. चिकटला तर आत लोखंड आहे. दुसरी भिंगाची: साच्यात ओतलेल्या नकलेवर बारीक खड्डे आणि गोलसर कडांची अक्षरं दिसतात, ठशाने ठोकलेल्या पदकावर अक्षराची धार खडी असते.
तिसरी चाचणी विकत घेणाऱ्यांसाठी फार गरजेची. मूळ नाव घासून दुसरं कोरलं जातं. व्हर्नियरने व्यास चार जागी मोजा: वर-खाली, डावी-उजवी आणि दोन तिरके. घासलेल्या कडेला दोन-तीन दशांश मिमीचा फरक पडतो, आणि कड सपाट असायच्या जागी किंचित आत गेलेली लागते.
बिननावाचं पदक मात्र लगेच खोटं ठरवू नका. मूळ पदक बँकेच्या लॉकरमध्ये ठेवून गणवेशावर लावायला शिंप्याकडून नक्कल घेण्याची पद्धत जुनी आहे. ती फसवणूक नाही. पण मूळ म्हणून विकली तर आहे.

गोलंदाज
सफाईला ब्रासो चालेल का? वर्दीची बटणं त्यानेच चमकतात.

मुद्रापारखी
नाही, अजिबात नाही. बटणं झिजली तर नवी मिळतात. पॉलिशमध्ये घासणारी पूड असते, दरवेळी ती उंच भागाचा पातळ थर नेते. आधी चेहऱ्यांचे बारकावे जातात, मग कडेवरचं नाव. शिवाय अक्षरांत अडकलेलं पॉलिश वाळून पांढरं होतं.

हवालदारकाका
इथे माझं मत वेगळं आहे. संचलनात काळवंडलेलं पदक लावणं हा त्या पदकाचाच अपमान आहे. सेवेत असलेल्याने ते चमकवलंच पाहिजे.

मुद्रापारखी
काका, सेवेतल्याचं आणि वारशाचं पदक यांना एकच नियम नको, एवढं तुमचं मान्य. म्हणूनच तर सेवेतल्याने नक्कल लावावी आणि मूळ जपावं! वारशाच्या पदकाची रीत अशी. आधी फीत काढा. अर्धा लिटर कोमट डिस्टिल्ड पाण्यात सौम्य द्रव साबणाचे दोन-तीन थेंब, मऊ ब्रश, मग स्वच्छ डिस्टिल्ड पाण्यातून दोनदा काढा. सुती कापडाने टिपा, घासू नका. पट्टीच्या आणि टांगणीच्या सांध्यात पाणी अडकतं, तिथे गार हवा सोडा. तो ओलावा राहिला तर पुढच्या पावसाळ्यात तिथूनच हिरवं धरतं.
प्लॅस्टिकच्या अल्बममधून काढलेल्या पदकावर चिकट हिरवा थर असेल तर तो पीव्हीसीमुळे. पीव्हीसी सडताना आम्ल सोडतं आणि ते तांब्याला खातं. हा थर शुद्ध ॲसिटोनने निघतो, पण फीत अंगावर असताना ॲसिटोन नको, कृत्रिम धाग्याची फीत विरघळू शकते. रबरबँडही नको, त्यातलं गंधक चांदी काळी करतं.

सुईदोरा
फ्रेम करणाऱ्यांसाठी. प्लायवूड आणि एमडीएफ आम्लाच्या वाफा सोडतात. बंद काचेत त्या कोंडल्या की धातू पांढुरका-हिरवा पडतो. मागे आम्लरहित बोर्ड घ्या, पदक डिंकाने चिकटवू नका, दोऱ्याने बांधा. खिडकीसमोर टांगू नका. फितीचा लाल रंग सगळ्यांत आधी उडतो. फीत धुण्याआधी कोपऱ्याला ओला कापूस दाबून बघा, रंग उतरला तर धुवू नका. जीर्ण फीत बदलली तर जुनी टाकू नका, पाकिटात घालून पदकाबरोबरच ठेवा.
संच लावताना सर्वांत वरिष्ठ पदक छातीच्या मध्याकडे. पराक्रम पदक मोहीम पदकांच्या आधी, मग मोहीम पदकं, त्यानंतर सैन्य सेवा, उच्च तुंगता, विदेश सेवा, पुढे दीर्घ सेवेची आणि स्वातंत्र्याच्या वर्धापनाची, संयुक्त राष्ट्रांची शेवटी. जागा कमी पडली तर पदकं एकमेकांवर चढवायची, वरिष्ठ पूर्ण दिसेल अशी. स्टारची उंची गोल पदकाहून वेगळी असते, तेव्हा वरची कड नाही, खालची टोकं एका रेषेत आणा. कडक पाठीवर शिवायचं असेल तर दर पदकाला १५ ते २० सेंमी फीत धरा. एका पदकावर दोन पट्ट्या असतील तर आधी मिळालेली खाली, पदकाजवळ. दैनंदिन गणवेशावर नुसत्या फिती असतात तिथे मोहिमेची पट्टी दिसत नाही. म्हणून फितींच्या फोटोवरून "हे गोव्याला होते" असं छातीठोक सांगू नये.

हिमशिखर
दिवंगत सैनिकाचं पदक घरच्यांनी लावलं तर चालतं का?

अभिलेख
युद्धस्मारकावर आदरांजलीच्या वेळी जवळच्या नातलगांनी उजव्या छातीवर लावायची रीत आहे. डावी बाजू फक्त ज्याने मिळवलं त्याची. सैनिक नसताना सैनिक असल्याचं भासवायला गणवेश किंवा चिन्ह घालणं हा मात्र गुन्हा आहे, पूर्वी भारतीय दंडसंहितेत होता आणि आता भारतीय न्यायसंहितेतही आहे.
पदक हरवलं असेल किंवा कधी मिळालंच नसेल तर सुरुवात डिस्चार्ज बुकापासून, म्हणजे निवृत्तीच्या वेळी मिळणाऱ्या सेवेच्या नोंदवहीपासून करा. त्यात पदकांची नोंद असते. मग पलटणीच्या अभिलेख कार्यालयाला लिहा: मराठा लाइट इन्फंट्री बेळगाव, बॉम्बे सॅपर्स खडकी, महार रेजिमेंट मध्य प्रदेशातलं सागर, तोफखाना नाशिक रोड. पत्रात क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कडेवर आहे तसंच लिहा, घरातलं लाडकं नाव किंवा बदललेलं आडनाव नको. अर्ज अडकतो तो बहुतेक इथेच. वाट माहीत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. चोरीला गेलं असेल तर पोलिसांतली नोंद जोडा.

पाचवी_फीत
सगळ्यांचे मनापासून आभार. मूळ प्रश्नावर परत येतो. अभिलेख यांनी सांगितलेलं ते कलम, पहिल्याच दिवशी गेलेल्याला पूर्ण पदक, हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटलं. "हजेरीचं" म्हणणाऱ्याला मी आता तेच दाखवेन.
एकच उरलं: कडेवरची अक्षरं पार झिजली असतील तर?

कडवाचक
मऊ, पातळ कागद कडेवर गुंडाळा आणि २बी पेन्सिल आडवी धरून अगदी हलकी फिरवा. डोळ्यांना न दिसणारी अक्षरंही पुष्कळदा कागदावर उमटतात. आधी क्रमांक काढायचा प्रयत्न करा. नाव अर्धं राहिलं तरी चालेल, अभिलेख कार्यालयात क्रमांकावरून माणूस सापडतो.